ऑलिव्हिए द क्लिसाँ आणि त्याचे घराणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाचा विषय निघाला की बर्त्राँ द्यु गेक्लाँचे नाव लगेच येते. त्याच्यानंतर फ्रान्सचा सरसेनापती झालेला ऑलिव्हिए द क्लिसाँ मात्र ‘कसाई’ या एका शब्दात उरकला जातो. हा अन्याय आहे असे मला वाटते. क्लिसाँ समजून घ्यायचा तर रणांगणाआधी त्याचे घर पाहावे लागते. बापाचा शिरच्छेद, आईचे बंड, दोन लेकींची लग्ने आणि या सगळ्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या चाललेला जमिनीचा तंटा, असे ते घर आहे. म्हणून इथे लढायांपेक्षा घरच्या माणसांना जास्त जागा दिली आहे.

हा क्लिसाँ नेमका कोण?

ब्रिटनीच्या दक्षिण सीमेवरच्या क्लिसाँ गावचा सरदार. जन्म १३३६चा, मृत्यू १४०७चा. बाप, आजा, पणजा सगळे ऑलिव्हिएच, त्यामुळे इतिहासात याला पाचवा ऑलिव्हिए म्हणतात. १३८० ते १३९२ अशी बारा वर्षे तो फ्रान्सचा ‘कॉनेताब्ल’, म्हणजे राजाच्या सगळ्या सैन्याचा प्रमुख होता. त्या काळी राजघराण्याबाहेरच्या माणसाला याहून मोठे लष्करी पद मिळत नसे.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. तेव्हाची ब्रिटनी ही आजच्यासारखा फ्रान्सचा एक प्रांत नव्हती. तिथे स्वतःचा ड्यूक होता, त्याचा दरबार होता आणि तो फ्रान्सच्या राजाला जेवढ्यास तेवढे मानत असे. क्लिसाँची निम्मी भांडणे इथूनच निघतात.

त्याच्या वडिलांना राजाने का मारले?

१३४१ साली ब्रिटनीचा ड्यूक तिसरा झाँ निपुत्रिक वारला आणि गादीवर दोघांनी हक्क सांगितला. एक त्याचा सावत्र भाऊ, माँफोरचा झाँ. दुसरी पुतणी, पाँथिएव्रची झान. पुतणीचा नवरा ब्लुआचा चार्ल्स हा फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याचा भाचा होता, म्हणून राजा तिच्या बाजूने उभा राहिला. मग माँफोरने इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा हात धरला. घरचा वारसातंटा असा दोन राजांच्या युद्धाला जाऊन जुळला आणि वीसेक वर्षे पेटत राहिला.

आपल्या ऑलिव्हिएचे वडील, चौथे ऑलिव्हिए, ब्लुआच्या बाजूने म्हणजे फ्रान्सच्या राजाच्याच बाजूने लढत होते. १३४२ मध्ये व्हान शहराच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती लागले आणि राल्फ स्टॅफर्ड या इंग्रज सरदाराच्या बदल्यात सुटले. एवढा मोठा माणूस इतक्या सहज कसा सुटला, याची कुजबुज सुरू झाली. जानेवारी १३४३ मध्ये मालेस्त्रुआ इथे तह झाला, लढाई थांबली आणि सरदार निर्धास्तपणे फिरू लागले. त्याच निर्धास्तपणात चौथ्या ऑलिव्हिएंना पॅरिसमध्ये पकडले गेले. आरोप होता एडवर्डशी गुप्त संधान बांधल्याचा. २ ऑगस्ट १३४३ रोजी ले आल या बाजारपेठेत त्यांचे डोके उडवले, धड फासावर लटकवले आणि मुंडके ब्रिटनीतल्या नाँत शहराला पाठवून वेशीवर टांगले.

सरदारवर्गाला धक्का बसला तो केवळ मृत्यूचा नव्हे. मुंडके वेशीवर टांगणे ही हलक्या गुन्हेगारांची शिक्षा होती, आणि फितुरीचा पुरावा कोणासमोर मांडलाच गेला नव्हता. चौथे ऑलिव्हिए खरोखर फितूर होते की नाही यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. पण फिलिपने या एका कृत्याने ब्रिटनीतली कितीतरी निष्ठावान घराणी शत्रूच्या छावणीत लोटली, हे मात्र स्पष्ट दिसते. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता.

त्याची आई खरोखर समुद्रावर लुटालूट करत होती का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्यातले पक्के काय आणि नंतर चिकटलेले काय, हे वेगळे करून सांगायला हवे.

झान द बेलव्हिल ही स्वतः मोठ्या जहागिरीची वारसदार होती. ला गार्नाश, बोव्हार, बुअँ ही तिची ठाणी पोआतू आणि ब्रिटनीच्या सीमेवर, समुद्राला लागून होती. हा सगळा मिठागरांचा आणि मिठाच्या व्यापाराचा किनारा. अशा बाईला जहाजे आणि खलाशी शोधायला लांब जावे लागले नसणार. ऑलिव्हिएशी लग्न होण्याआधी शातोब्रियाँ घराण्यात तिचे लग्न झाले होते आणि ती विधवा झाली होती.

लोकप्रिय कथा अशी : तिने मुलांना नाँतला नेऊन वेशीवरचे बापाचे मुंडके दाखवले, सूडाची शपथ घेतली, जमीन विकून तीन जहाजे घेतली, ती काळी रंगवली, वर लाल शिडे लावली आणि फिलिपची जहाजे बुडवत सुटली. दर वेळी राजाला निरोप सांगायला एखाददुसरा खलाशी तेवढा जिवंत सोडायची. काळा रंग, लाल शिडे, जिवंत सोडलेला खलाशी हा सगळा नंतरच्या लेखकांचा साज आहे.

कागदोपत्री दिसते ते साधे आहे, आणि मला तेच अधिक भिडते. १३४३ संपण्याआधी पॅरिसच्या न्यायसभेने तिला देशद्रोही ठरवून हद्दपार केले आणि तिची मालमत्ता जप्त केली. म्हणजे तिने नवऱ्याच्या मृत्यूनंतर लगेच शस्त्र उचलले होते आणि राजाला त्याची दखल घ्यावी लागली होती. पुढे एडवर्डने तिला ब्रिटनीतल्या आपल्या ताब्यातल्या जमिनींचे उत्पन्न लावून दिले. १३४७च्या तहात इंग्लंडच्या मित्रांमध्ये तिचे नाव आहे. एका विधवेचे नाव दोन राजांच्या तहात येते, यावरूनच तिचे वजन कळते. नंतर तिने वॉल्टर बेंटली या इंग्रज सेनानीशी लग्न केले. १३५२ मध्ये मोराँच्या लढाईत फ्रेंचांचा धुव्वा उडवणारा तोच. १३५९ मध्ये झान वारली.

तिच्याकडे फक्त लाल शिडांची नायिका म्हणून पाहिले की तिचे मोठे काम नजरेआड होते. सगळे जप्त झालेले असताना तिने मुलाचे नाव, हक्क आणि परतीची वाट शाबूत ठेवली.

इंग्लंडमध्ये वाढलेला मुलगा इंग्रजांचा हाडवैरी कसा झाला?

ऑलिव्हिए एडवर्डच्या दरबारात वाढला. सोबत होता माँफोरचा लहानगा वारस, तोही झाँच. दोघेही फ्रान्सच्या राजाने नागवलेल्या घरांतले. या जोडीनेच २९ सप्टेंबर १३६४ रोजी ओरेची लढाई जिंकली. ब्लुआचा चार्ल्स मारला गेला, द्यु गेक्लाँ कैद झाला आणि माँफोर ड्यूक झाला. त्या दिवशी क्लिसाँचा एक डोळा गेला.

बालमित्राला गादी मिळाली, आपला डोळा गेला, आता मोबदला मिळेल अशी त्याची अपेक्षा असणार. त्याच्या ब्लँ किल्ल्याशेजारी गाव्रचा किल्ला आणि जंगल होते, त्यावर त्याची नजर होती. ड्यूकने ते जॉन चँडोस या इंग्रज सेनानीला देऊन टाकले. इंग्रज शेजारी नको म्हणून क्लिसाँने गाव्र जाळला आणि त्याचे दगड ब्लँच्या बांधकामाला वाहून नेले, असे सांगतात. इथून त्याची आणि ड्यूकची फाटली ती जवळजवळ तीस वर्षे सांधली नाही. दरम्यान फ्रान्सच्या गादीवर पाचवा चार्ल्स आला होता. तो थंड डोक्याचा आणि माणसे जोडणारा राजा. १३७० मध्ये क्लिसाँ उघडपणे त्याच्याकडे गेला.

ज्या सिंहासनाने बापाला मारले त्याच सिंहासनाची चाकरी? हा सवाल मनात येतोच. पण मला यात फितुरी दिसत नाही. चौदाव्या शतकातल्या सरदाराची निष्ठा ‘देश’ नावाच्या गोष्टीशी नव्हतीच. ती आपल्या जमिनीशी आणि आपल्या रक्ताशी होती. आपल्याकडच्या वतनासाठीच्या भाऊबंदकीच्या आणि बदललेल्या धन्यांच्या कहाण्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. फिलिप मेला होता. क्लिसाँच्या वतनाला खरा धोका आता शेजारच्या ड्यूकचा होता.

द्यु गेक्लाँशी त्याचे काय नाते होते?

ओरेला समोरासमोर लढलेले हे दोघे ऑक्टोबर १३७० मध्ये पाँतोर्साँ इथे करार करून शस्त्रबंधू झाले. एकमेकांचे प्राण आणि मान राखायचा, एकाविरुद्ध कट कळला तर दुसऱ्याने सावध करायचे, कैद्यांच्या खंडणीत आणि लुटीत निम्मा वाटा, अशा त्याच्या अटी होत्या. भावनेइतकाच तो व्यवहारही होता. त्याच डिसेंबरात पाँव्हालँ इथे त्यांच्या माणसांनी इंग्रज सैन्याची वाताहत केली. पुढच्या दशकात मोठ्या मैदानी लढाया टाळून, एकेक ठाणे उचलून, फ्रान्सने गमावलेला बहुतेक मुलूख परत मिळवला. त्यात दोघांचाही हात होता.

त्याला ‘कसाई’ का म्हणत?

तो कैदी घेत नसे म्हणून. खंडणीसाठी शत्रूला जिवंत धरायचे हा तेव्हाचा रिवाज होता आणि सरदारांची त्यावर कमाई चाले. क्लिसाँ इंग्रजांच्या बाबतीत तो अनेकदा मोडत असे. १३७२ मध्ये बनाँच्या किल्ल्यात त्याने शरण आलेल्या पंधरा जणांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाडीने मारल्याची हकिकत इतिवृत्तांत आहे. त्याआधी इंग्रजांनी त्याच्या एका जवळच्या माणसाला मारले होते.

याचे समर्थन करायचे कारण नाही. शरण आलेला माणूस मारणे तेव्हाही अधर्मच मानले जाई, म्हणून तर हे नाव पडले. पण सातव्या वर्षी बापाचे मुंडके वेशीवर गेलेल्या माणसाबद्दल आपण बोलत आहोत, एवढे विसरू नये.

सरसेनापती म्हणून त्याने काय केले?

१३८० मध्ये आधी द्यु गेक्लाँ आणि मग पाचवा चार्ल्स असे दोघेही गेले. गादीवर आला अकरा वर्षांचा सहावा चार्ल्स आणि त्याच्याभोवती सत्तेसाठी हपापलेले काका. त्या गोंधळात सेनापतीची तलवार क्लिसाँला मिळाली. २७ नोव्हेंबर १३८२ रोजी रोझेबेके इथे त्याने फ्लँडर्सच्या बंडखोर शहरांचे सैन्य मोडले. १३८६ मध्ये इंग्लंडवर स्वारीची प्रचंड तयारी झाली. त्यासाठी क्लिसाँने ब्रिटनीत लाकडाचे एक अख्खे तटबंदीचे नगर बनवून घेतले होते. सुटे भाग जहाजांतून न्यायचे आणि पलीकडे उतरताच उभे करायचे. स्वारी निघालीच नाही.

ड्यूकने त्याला कैद का केले होते?

गाव्र हे वरवरचे कारण. खरे कारण एका लग्नाचे.

ब्लुआच्या चार्ल्सचा मुलगा झाँ तीस वर्षांहून जास्त काळ इंग्लंडमध्ये ओलीस होता. तो सुटला असता तर ब्रिटनीच्या गादीचा दुसरा दावेदार पुन्हा जिवंत झाला असता. क्लिसाँने नेमके तेच करायचे ठरवले : त्याची खंडणी आपण भरायची आणि आपली मुलगी मार्गरीत त्याला द्यायची. म्हणजे नातू कदाचित ड्यूक होईल. इंग्लंडमध्ये सोबत वाढलेल्या ड्यूकला हा डाव कळला नसता तरच नवल.

जून १३८७ मध्ये ड्यूकने व्हानला सरदारांची सभा बोलावली, मेजवानी दिली आणि आपला नवा लेर्मिन किल्ला पाहायला क्लिसाँला नेले. तुम्ही बांधकामातले जाणकार, बुरूज पाहून सांगा, असे म्हणून त्याला पुढे चढवले आणि वर शिपायांनी बेड्या घातल्या. इतिवृत्ते सांगतात की ड्यूकने त्याच रात्री त्याला बुडवून मारण्याचा हुकूम बाझव्हालाँ नावाच्या आपल्या सरदाराला दिला. बाझव्हालाँने तो पाळला नाही. सकाळी राग उतरल्यावर ड्यूक पश्चात्तापाने पोळू लागला, तेव्हा बाझव्हालाँने सांगितले की कैदी जिवंत आहे. क्लिसाँचा मेहुणा, लाव्हालचा सरदार, रदबदली करत होताच. शेवटी १,००,००० फ्रँक आणि कित्येक किल्ले लिहून घेऊन क्लिसाँला सोडले.

बाहेर पडताच तो थेट राजाकडे गेला आणि सगळे जबरदस्तीने लिहून घेतल्याचे सांगितले. इंग्लंडवरची त्या वर्षीची मोहीमही या अटकेने बारगळली. आणि १३८८ मध्ये मार्गरीतचे लग्न ठरल्याप्रमाणे लागले.

त्याची लग्ने आणि मुलेबाळे?

पहिली बायको बेआत्रिस, लाव्हाल घराण्यातली. तिची आई ब्रिटनीच्या ड्यूक घराण्यातली होती, म्हणजे ज्याच्याशी आयुष्यभर भांडला त्याच्याशीच क्लिसाँचे सासरकडून नाते. दुसरी बायको मार्गरीत द रोआँ. मुलगा नाही. मुली दोन, दोघीही पहिल्या बायकोच्या. बेआत्रिस रोआँच्या व्हायकाउंटला, आठव्या अलँला दिली. मार्गरीत पाँथिएव्रचा काउंट झालेल्या त्या झाँला.

तो खरोखर इतका श्रीमंत होता?

हो. जमिनी, व्याज, लूट, पगार, सगळे त्याच्याकडे होते आणि राजापासून पोपपर्यंत लोक त्याचे कर्ज घेत. १३९२ मध्ये हल्ल्यानंतर त्याने मृत्युपत्र केले तेव्हा जमीन सोडून उरलेली मालमत्ताच १७ लाख फ्रँक निघाली, असे त्या काळचा इतिवृत्तकार फ्रुआसार याने लिहिले आहे. राजाच्या काकांच्या डोळ्यांत हाच आकडा सलला.

पॅरिसमधला हल्ला कोणी केला? राजाच्या वेडाशी त्याचा काय संबंध?

पियेर द क्राँ हा दरबारातून हाकललेला सरदार. आपल्या हकालपट्टीमागे क्लिसाँ आहे अशी त्याची खात्री झाली होती. १३ जून १३९२च्या रात्री सँ-पोल वाड्यातली मेजवानी आटोपून क्लिसाँ घरी निघाला. सोबत मोजकी, बिनहत्यारी माणसे. अंधाऱ्या गल्लीत क्राँच्या चाळीसेक घोडेस्वारांनी गाठले. डोक्यावर वार बसून तो घोड्यावरून कोसळला तो एका भटारखान्याच्या अर्धवट उघड्या दारावर. दार आत ढकलले गेले आणि तो आत पडला. मेला समजून मारेकरी निघून गेले. भटारी पहाटेसाठी जागा नसता तर ही कहाणी तिथेच संपली असती.

राजा झोपेतून उठून, अंगावर झगा टाकून तिथे धावला. तेवीस वर्षांच्या चार्ल्सला या म्हाताऱ्या सेनापतीबद्दल जिव्हाळा होता. क्राँ ब्रिटनीत पळाला, ड्यूक त्याला हवाली करीना, म्हणून राजाने काकांचा विरोध मोडून सैन्य काढले. ५ ऑगस्टला, कडक उन्हात, ल माँजवळच्या जंगलातून जाताना राजाचे भान सुटले. त्याने तलवार उपसली आणि आपल्याच माणसांवर चालून गेला. काही जण ठार झाले. त्यानंतर तीस वर्षे तो भ्रमिष्टपणाच्या झटक्यांत अधूनमधून बुडत राहिला.

मोहीम तिथेच संपली. काका सत्तेवर बसले आणि त्यांनी पहिला घाव घातला तो क्लिसाँवर : पद काढून घेतले, जबर दंड ठोठावला, हद्दपारी दिली. तो झोसलाँला, आपल्या किल्ल्यात परतला. राजाचे वेड या हल्ल्यामुळे जडले असे मी म्हणणार नाही, रोग आधीपासून आत असावा. पण वेडसर राजा, भांडणारे काका आणि पुढची यादवी या वाटेवर फ्रान्स त्या उन्हाळ्यात लागला.

ड्यूकशी वैर मिटले का?

मिटले, दोघेही थकल्यावर. तीन वर्षे ब्रिटनीत उघड लढाई झाली आणि १३९५ मध्ये समेट झाला. साठीला आलेला एक डोळ्याचा क्लिसाँ आणि त्याचा जुना बालमित्र पुन्हा बोलू लागले. ड्यूक १३९९ मध्ये वारला. १४०२ मध्ये त्याच्या लहान मुलाला, पाचव्या झाँला, रेनमध्ये सरदारकीची दीक्षा दिली ती क्लिसाँने.

त्याने स्वतःच्या मुलीला जिन्यावरून ढकलले होते?

ब्रिटनीच्या जुन्या इतिवृत्तांतली ही हकिकत आहे. ड्यूक वारल्याचे कळताच मार्गरीत बापाच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, ड्यूकची पोरे लहान आहेत, आत्ताच संपवून टाका, गादी माझ्या मुलांची होईल. बाप भाला उचलून तिच्यावर धावून गेला. पळताना ती जिन्यावर पडली, पाय मोडला आणि कायमची लंगडी झाली. हे अक्षरशः असेच घडले असेल असे नाही. पण शरण आलेल्यांवर कुऱ्हाड चालवणाऱ्यानेही पोरांच्या जिवाशी खेळायला नकार दिला, हे लोकांनी जपून ठेवले, याला मी महत्त्व देतो.

मार्गरीतने मात्र हट्ट सोडला नाही. १४२० मध्ये तिने आणि तिच्या मुलांनी पाचव्या झाँला फसवून पकडले आणि महिनोन्‌महिने डांबून ठेवले. ड्यूकच्या बायकोने सरदार गोळा करून शाँतोसोच्या किल्ल्याला वेढा घातला आणि नवऱ्याला सोडवले. पाँथिएव्र घराण्याची मालमत्ता जप्त झाली, शाँतोसो पाडून टाकला. बापाने खपून जुळवलेला डाव लेकीच्या हातून असा उधळला गेला.

तो कुठे वारला? आज त्याच्या खुणा कुठे दिसतात?

२३ एप्रिल १४०७ रोजी झोसलाँला वारला. त्याच गावच्या नोत्र-दाम द्यु राँसिए चर्चमध्ये त्याची आणि मार्गरीत द रोआँची कबर आहे. तिच्यावरच्या संगमरवरी मूर्तींची फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मोडतोड झाली होती, त्या नंतर दुरुस्त केल्या.

झोसलाँचा किल्ला मुद्दाम पाहावा असा आहे. ऊस्त नदीच्या काठावर त्याच्या काळचे तीन गोल बुरूज आजही उभे आहेत. बाकीचे फ्रान्सचा मुख्य मंत्री रिशल्य याने सतराव्या शतकात पाडले. थोरली शाखा टिकली ती बेआत्रिसची : किल्ला रोआँ घराण्याकडे गेला आणि आजही त्यांच्याच ताब्यात आहे. उन्हाळ्यात लोकांसाठी खुला असतो.

पॅरिसमध्ये मारे भागात, र्‍यु देझार्शिव्हवर, त्याच्या वाड्याचे दोन टोकदार बुरुजांचे प्रवेशद्वार शिल्लक आहे. मागची इमारत आता राष्ट्रीय अभिलेखागाराची. शहरात चौदाव्या शतकातल्या खासगी वाड्यांचे फारसे काही उरलेले नाही, तेव्हा जवळून जात असाल तर थांबा.

क्लिसाँ गावात मूळ किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. दरवर्षी जूनमध्ये तिथे हेलफेस्ट हा मोठा हेवी मेटल संगीत महोत्सव भरतो आणि जगभरची पोरे येतात. तिकीट काढून जाणाऱ्या मराठी मंडळींनी सकाळचे दोन तास काढून सेव्र नदीच्या पुलावर जावे, तिथून किल्ला पूर्ण दिसतो.